बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा भौतिकशास्त्र प्रकल्प: विषय ठरवण्यापासून व्हायवापर्यंत, थिन फिल्मच्या एका उदाहरणासह

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बहुतेक वेळा दोन ठिकाणी फसतो. पहिलं म्हणजे विषय फार मोठा घेतलेला असतो. दुसरं म्हणजे शेवटच्या तीन आठवड्यांत रीडिंग घ्यायला सुरुवात होते. बुद्धी किंवा उपकरणं कमी पडली म्हणून फसलेले प्रकल्प त्या मानाने थोडेच असतात. म्हणून या लेखात सगळी वाट एकाच खऱ्या उदाहरणातून दाखवली आहे: काचेवर झिंक ऑक्साइडची थिन फिल्म (अतिशय पातळ थर) बनवणं आणि तिचा बँड गॅप (इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला लागणारी किमान ऊर्जा) मोजणं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मवर अनेक वर्षं काम चालू आहे आणि त्या भागातल्या महाविद्यालयांतही ही कामं होतात. साहित्य स्वस्त आहे आणि प्रत्येक पायरीला शिकण्यासारखं भौतिकशास्त्र आहे. तुमचा विषय वेगळा असला तरी पायऱ्या याच लागतील.

नव्या आराखड्याविषयी थोडं. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या श्रेयांक आराखड्यानुसार संशोधनासह ऑनर्स करणाऱ्यांना चौथ्या वर्षी १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प आहे, आणि त्या शाखेसाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. तीन वर्षांत पदवी घेणाऱ्यांचा प्रकल्प त्याहून लहान असतो. तुमच्या अभ्यास मंडळाने किती क्रेडिट ठेवले आहेत ते आधी पाहा आणि कामाचा आवाका त्यावरून ठरवा.

१. प्रश्न ठरवा, नुसता विषय नको

"झिंक ऑक्साइड थिन फिल्मचा अभ्यास" हा विषय झाला, यातून काय मोजायचं ते कळत नाही. "काच द्रावणात बुडवण्याची आवर्तनं २० वरून ८० केली तर फिल्मची जाडी आणि बँड गॅप कसे बदलतात?" हा प्रश्न झाला. यात एक गोष्ट तुम्ही बदलता, दोन मोजता, बाकीच्या स्थिर ठेवता.

प्रश्न पक्का करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा. मोजायची राशी तुमच्या महाविद्यालयात, किंवा बसने जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येईल अशा ठिकाणी मोजता येते का? अपेक्षित बदल तुमच्या उपकरणाच्या अनिश्चिततेपेक्षा मोठा आहे का? आणि उत्तर "काही फरक पडत नाही" असं आलं तरी अहवाल लिहिता येईल का? तिसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर प्रश्न बदला, कारण हवा तो निकाल आणण्यासाठी रीडिंग वाकवण्याचा मोह तिथूनच सुरू होतो.

जुन्या कामांचा शोध शोधगंगेवर घ्या. तिथे भारतीय विद्यापीठांचे प्रबंध मोफत मिळतात आणि प्रयोगाची कृती शोधनिबंधापेक्षा सविस्तर असते. अनुदानित महाविद्यालयाचं ग्रंथालय एन-लिस्टचं (महाविद्यालयांसाठीच्या ई-जर्नल आणि ई-पुस्तकांच्या योजनेचं) सभासद असेल तर ग्रंथपालांकडून लॉगिन मागून घ्या. दहा-बारा निबंध नीट वाचले तरी पुरे. प्रत्येकातून चार गोष्टी एका वहीत उतरवा: द्रावणाची तीव्रता, पीएच, तापमान, मिळालेला बँड गॅप. पुढे तुमच्या आकड्यांची तुलना याच तक्त्याशी होईल.

२. कागदपत्रं आणि परवानग्या पहिल्या पंधरवड्यात उरका

यादी अशी:

- गाइडच्या सहीचा सिनॉप्सिस, एक ते दोन पानं: प्रश्न, पद्धत, लागणारं साहित्य, आठवड्यांचा आराखडा
- विभागप्रमुखांच्या सहीचं रसायनांचं आणि काचसामानाचं मागणीपत्र
- बाहेरच्या केंद्रावर मोजणी करायची असल्यास महाविद्यालयाच्या लेटरहेडवरचं पत्र, ओळखपत्राची प्रत आणि नमुन्यांचा तपशील
- पानांवर क्रमांक टाकलेली बांधीव नोंदवही. सुटे कागद नकोत
- अहवालात लागणाऱ्या प्रमाणपत्राचा आणि घोषणापत्राचा विभागाचा ठरलेला मसुदा

एक्सआरडीसाठी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्यासाठी) सहसा बाहेर जावं लागतं. आयआयटी मुंबईतल्या सैफसारखी केंद्रं आणि विद्यापीठांची मध्यवर्ती उपकरण केंद्रं बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुने शुल्क घेऊन तपासतात. जवळ कोणतं उपकरण आहे हे केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतं. रांग लांब असते, म्हणून नमुना तयार होण्याची वाट न पाहता आधीच नोंदणी करा. दर आणि नमुन्याचा आकार विचारून घ्या. अनेक ठिकाणी एक किंवा दोन सेंटिमीटर बाजूचा चौरस तुकडा लागतो.

लॅब असिस्टंटशी पहिल्याच आठवड्यात बसून बोला. कोणती भट्टी खरोखर तापते, कोणत्या तराजूवर भरवसा ठेवावा, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

३. साहित्य जमवा, आणि बाटलीवरचं लेबल वाचा

लागणाऱ्या वस्तू: सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या, झिंक सल्फेट, अमोनिया द्रावण, भरपूर डिस्टिल्ड वॉटर, चार बीकर, हॉट प्लेट, पीएच मीटर, ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू, ४५० °से. पर्यंत जाणारी भट्टी, यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर. शेवटचं यंत्र भौतिकशास्त्र विभागात नसलं तर रसायनशास्त्र किंवा फार्मसीवाल्यांकडे विचारा.

१०० मिलिलिटर ०.१ मोलार द्रावणासाठी सात पाण्याचं झिंक सल्फेट २.८७६ ग्रॅम लागतं. एक पाण्याचं असेल तर १.७९५ ग्रॅम. लेबल न वाचता दुसऱ्या बाटलीतून २.८७६ ग्रॅम घेतलं तर द्रावण ०.१६ मोलार होतं आणि तुमची फिल्म निबंधातल्या फिल्मशी का जुळत नाही ते कधीच कळत नाही. झिंक क्लोराइड शक्यतो टाळा. ते हवेतली ओल इतक्या झपाट्याने शोषतं की पावसाळ्यात वजन करता करताच आकडा वाढत जातो.

अमोनियाची बाटली फ्यूम हूडमध्येच उघडा, तोंड आपल्यापासून दूर धरून. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाटलीत दाब साठतो, म्हणून उघडण्यापूर्वी ती गार पाण्यात ठेवून थंड करा. हातमोजे आणि गॉगल हवेतच. काच स्वच्छ करायला जुन्या जर्नलांत क्रोमिक आम्ल सांगितलेलं असतं, ते वापरू नका. सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक आहे. डिटर्जंट, मग डिस्टिल्ड वॉटर, मग अ‍ॅसिटोन, पुन्हा डिस्टिल्ड वॉटर, एवढ्याने काच पुरेशी स्वच्छ होते.

४. मोजमापाची साधनं आधी पारखा

फिल्म बनवण्यापूर्वी एक आठवडा फक्त यासाठी द्या. बहुतेक जण हा आठवडा वाचवायला बघतात आणि महिनाभराचं काम पुन्हा करतात.

तापमान आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) आणि एलएम३५ या सेन्सरने नोंदवणार असाल तर हे गणित पाहा. आर्डुइनो ऊनो ५ व्होल्टचे १०२४ भाग करतं, म्हणजे एक भाग सुमारे ४.९ मिलिव्होल्टचा. एलएम३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. म्हणजे अर्ध्या अंशापेक्षा लहान बदल दिसणारच नाही. शिवाय यूएसबीचा ५ व्होल्ट पुरवठा खरोखर ५ नसतो आणि लॅपटॉप बदलला की तापमान बदलल्यासारखं दिसतं. प्रोग्राममध्ये अंतर्गत १.१ व्होल्टचा संदर्भ निवडा. मग एक भाग साधारण ०.१ अंशाचा होतो आणि ११० °से. पर्यंत मोजता येतं, जे आपल्या गरम पाण्याला पुरेसं आहे. सेन्सरचा स्वतःचा दोष अर्धा-एक अंश असू शकतो, म्हणून बर्फाच्या पाण्यात आणि उकळत्या पाण्यात तपासा. पण पुण्यात पाणी १०० ला उकळत नाही. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे तिथे उत्कलनबिंदू सुमारे ९८ °से. असतो, महाबळेश्वरला आणखी खाली. मुंबईचा आकडा पुण्यात वापरून कॅलिब्रेशन केलं तर दोन अंशांची चूक कायमची चिकटते.

पीएच मीटर ७ आणि १० च्या बफरवर (ठरावीक पीएचच्या द्रावणांवर) लावून घ्या. फक्त ७ आणि ४ वर लावलेलं मीटर आपल्याला हव्या असलेल्या १० च्या आसपास भरवशाचं नसतं.

तराजूसाठी एकच रिकामी काच दहा वेळा ठेवून-उचलून वजन करा. आकड्यांचा जो पसारा दिसेल तीच तुमच्या वजनाची खरी अनिश्चितता. काच कोरड्या फडक्याने घासली असेल तर तिच्यावर विद्युतभार येतो आणि आकडा सरकत राहतो. अशा वेळी दोन-चार मिनिटं थांबा.

५. फिल्म बनवा: सिलार पद्धत

सिलार म्हणजे काच आळीपाळीने वेगवेगळ्या द्रावणांत बुडवून थरावर थर चढवणं.

झिंक सल्फेटच्या द्रावणात अमोनिया थेंब-थेंब टाका. आधी पांढरा साका पडतो, तो झिंक हायड्रॉक्साइडचा. घाबरून थांबू नका. ढवळत अमोनिया वाढवत गेलात की साका पुन्हा विरघळतो आणि द्रावण पारदर्शक होतं. पीएच १० च्या आसपास येतो. गढूळपणा थोडाही उरला असेल तर फिल्मवर पांढरे ठिपके येतील.

एक आवर्तन असं: झिंकच्या द्रावणात २० सेकंद, ९० ते ९५ °से. च्या पाण्यात २० सेकंद, साध्या तापमानाच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये हलकेच हलवत २० सेकंद. गरम पाण्यात हायड्रॉक्साइड तयार होऊन त्याचं ऑक्साइड होत जातं. तिसऱ्या बीकरमध्ये सैल चिकटलेले कण धुतले जातात. काच हलवण्याचा वेळ धरून एका आवर्तनाला ८० सेकंद लागतात. ८० आवर्तनं म्हणजे पावणेदोन तासांहून थोडं जास्त. मध्ये उठता येत नाही, म्हणून जोडीदार हवा.

सुरुवातीला काच स्वच्छ आहे का ते असं पाहा: डिस्टिल्ड वॉटर ओतल्यावर पाण्याचा पडदा सलग राहिला पाहिजे. पाणी थेंबांत फुटलं तर तेलकटपणा आहे आणि फिल्म चट्ट्यांची होईल. फिल्म बोटाने पुसली जात असेल तर धुण्याची पायरी कमी पडते आहे. काचेवर क्रमांक मार्करने लिहू नका, अ‍ॅसिटोनमध्ये तो जातो. हिऱ्याच्या पेन्सिलीने कोपऱ्यात कोरा.

आता सगळ्यात महत्त्वाचा सापळा. सोपं म्हणून बरेच जण एकाच द्रावणात चार काचा सोडतात आणि २०, ४०, ६०, ८० आवर्तनांना एकेक काढून घेतात. पण तोवर अमोनिया उडत असतो, पीएच उतरत असतो, झिंक कमी होत असतं. मग बँड गॅपमधला फरक आवर्तनांमुळे आला की शिळ्या द्रावणामुळे, हे सांगता येत नाही. प्रत्येक वेळी ताजं द्रावण घ्या. चढत्या क्रमानेही जाऊ नका. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा, म्हणजे तुमचा हात बसत गेल्याचा परिणाम आवर्तनांच्या परिणामात मिसळणार नाही.

एकाच होल्डरला टांगलेल्या तीन काचा म्हणजे तीन प्रयोग नव्हेत, कारण द्रावण आणि तापमान तिन्हींना सारखंच मिळतं. खरी पुनरावृत्ती हवी तर चारही संख्यांसाठी तीन-तीन वेगळ्या बॅचेस करा. एकूण ६०० आवर्तनं, म्हणजे सुमारे सव्वातेरा तासांचं बुडवणं. तयारी धरून हे पाच-सहा दिवसांत बसतं.

शेवटी ४०० °से. ला एक तास भट्टीत ठेवा, म्हणजे उरलेलं हायड्रॉक्साइड ऑक्साइड होईल. साधी काच ५०० च्या वर मऊ पडायला लागते, त्यामुळे ४५० ओलांडू नका. भट्टी बंद करून काच आतच रात्रभर निवू द्या. गरम असताना बाहेर काढली तर तडकते. झिंक असलेलं उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या कॅनमध्ये जमा करा.

६. जाडी मोजा

बुडवण्यापूर्वी आणि भाजल्यानंतर वजन करा. दोन्ही वेळा काच आधी ११० °से. वर वाळवून डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा. जाडी म्हणजे वाढलेलं वजन भागिले घनता आणि क्षेत्रफळाचा गुणाकार. झिंक ऑक्साइडची घनता ५.६१ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर.

काचेचा ४ गुणिले २.५ सेंटिमीटर भाग बुडाला तर दोन्ही बाजू मिळून २० चौरस सेंटिमीटर. ५०० नॅनोमीटर जाडीला वजन फक्त ५.६ मिलिग्रॅम वाढतं. १ मिलिग्रॅमच्या तराजूवर दोन वजनांच्या वजाबाकीत साधारण १.४ मिलिग्रॅमची अनिश्चितता येते, म्हणजे पंचवीस टक्के. ०.१ मिलिग्रॅमच्या तराजूवर तीच अडीच टक्के. वजन दोन्ही बाजूंना थर असतानाच करा, कारण एक बाजू पुसून टाकली की वजनातली वाढ निम्मी होते आणि टक्केवारी दुप्पट. फिल्म सच्छिद्र असते, म्हणून ही जाडी खऱ्या जाडीपेक्षा कमी येते. अहवालात तसं स्पष्ट लिहा.

७. बँड गॅप काढा

आता एका बाजूची फिल्म सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बोळ्याने पुसा. संदर्भ म्हणून त्याच पाकिटातली कोरी काच ठेवा, हवा नव्हे. ३०० ते ८०० नॅनोमीटरपर्यंत शोषण मोजा.

१२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळतात. झिंक ऑक्साइडची कड, म्हणजे जिथे शोषण एकदम वाढतं ती जागा, ३७५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे ३.३ इलेक्ट्रॉनव्होल्टला येते. साधी काच ३२० च्या खाली स्वतःच प्रकाश शोषते, म्हणून इथे ती चालते. झिंक सल्फाइड घेतलं असतं तर कड ३४५ च्या आसपास आली असती आणि क्वार्ट्झ वापरणं बरं ठरलं असतं. पदार्थ निवडताना हे पाहून ठेवा.

शोषण गुणांक म्हणजे २.३०३ गुणिले शोषण भागिले जाडी. तो फोटॉन ऊर्जेने गुणा, वर्ग करा आणि ऊर्जेसमोर आलेख काढा. हा टाउक आलेख. सरळ भाग खाली वाढवला की ऊर्जेच्या अक्षाला जिथे छेदतो तो बँड गॅप. इथे एक दिलासा आहे: जाडी चुकली तर सगळा आलेख एकाच गुणकाने वर-खाली होतो, छेदबिंदू हलत नाही. म्हणजे वजनातली चूक बँड गॅपमध्ये येत नाही.

चूक येते ती सरळ रेषेच्या निवडीतून. पट्टीने डोळ्यांनी रेषा ओढू नका. तीन-चार वेगवेगळ्या ऊर्जा-पट्ट्या घेऊन लीस्ट स्क्वेअर रेषा बसवा, छेदबिंदूंचा पसारा पाहा, तीच अनिश्चितता. त्याच्या जोडीला यंत्राच्या स्लिटचीही (प्रकाश सोडणाऱ्या फटीचीही) भर पडते: २ नॅनोमीटरची स्लिट ३७५ जवळ सुमारे ०.०२ इलेक्ट्रॉनव्होल्टची असते. फिल्म दुधाळ असेल तर विखुरणामुळे ६०० नॅनोमीटरलाही शोषण शून्य दिसत नाही. अशा वेळी रेषा शून्यापर्यंत न नेता त्या पायारेषेपर्यंत न्या.

उत्तर ३.२८ ± ०.०३ असं लिहा. ३.२७६४ लिहिलंत तर एक्स्टर्नलचा, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाचा, पहिला प्रश्न त्यावरच असेल, आणि तो रास्त आहे. २० आणि ८० आवर्तनांच्या बँड गॅपमधला फरक ०.०२ आला आणि अनिश्चितता ०.०३ असेल तर "या मोजणीत फरक आढळला नाही" हा निकाल. तो मान खाली न घालता लिहा.

८. एक्सआरडी वाचा

सगळ्यात जाड फिल्म पाठवा. २०० नॅनोमीटरची पाठवलीत तर २० ते ३० अंशांमधला काचेचा रुंद उंचवटाच जास्त ठळक दिसण्याची शक्यता असते. मिनिटाला एक अंश इतका संथ स्कॅन मागा. तांब्याच्या १.५४०६ अँगस्ट्रॉम क्ष-किरणांना झिंक ऑक्साइडची शिखरं ३१.७७, ३४.४२ आणि ३६.२५ अंशांना येतात. जुळणीसाठी जेसीपीडीएस ३६-१४५१ हे प्रमाण शिखरांची नोंद असलेलं कार्ड वापरतात. ३४.४२ चं, म्हणजे ००२ चं शिखर पावडरीच्या मानाने खूप उंच असेल तर कण काचेला लंब दिशेने रचले गेले आहेत.

शेरर सूत्राने शिखराच्या रुंदीवरून कणाचा आकार काढताना तीन चुका ठरलेल्या असतात. रुंदी रेडियनमध्ये न बदलता अंशांतच ठेवणं, यामुळे उत्तर ५७ पट लहान येतं. थीटाऐवजी दोन थीटाचा कोसाइन घेणं. आणि यंत्राची स्वतःची रुंदी न वजा करणं. रुंदी ०.३५ अंश मिळाली तर आकार २३.८ नॅनोमीटर येतो. यंत्राची ०.१२ अंश रुंदी वर्गांच्या वजाबाकीने काढली की २५.३ येतो. यंत्राची रुंदी केंद्राच्या तंत्रज्ञांना विचारा, त्यांच्याकडे सिलिकॉनची प्रमाण मोजणी असते.

९. विश्लेषण आणि लेखन सोबतच चालू ठेवा

ओरिजिन या आलेखांच्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत वापरण्याची गरज नाही. लॅबप्लॉट, सायडेव्हिस, शिखरांसाठी फिटिक, किंवा पायथन, सगळं मोफत आहे. एक्सेलमध्ये बिंदू जोडणारी गुळगुळीत वक्ररेषा कधीही वापरू नका, ती मोजलेली नसते. प्रत्येक बिंदूला त्रुटीपट्टी द्या.

पद्धतीचं प्रकरण फिल्म बनवत असतानाच लिहा. तेव्हा पीएच, खोलीचं तापमान, रसायनाची कंपनी आणि बॅच क्रमांक समोर असतात. प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य दंडाविना सोडलं आहे, पण तेवढी नक्कल चालते असा त्याचा अर्थ नाही. निबंध बाजूला ठेवून आपल्या शब्दांत लिहिलं तर टक्केवारीची चिंताच उरत नाही. बांधणीवाल्याकडे सबमिशनच्या आठवड्यात रांग लागते. हार्डबाउंड प्रत, मुंबईकडे ब्लॅक बुक, दहा दिवस आधी द्या आणि बांधण्यापूर्वी प्रमाणपत्रावर गाइडची सही घ्या.

१०. व्हायवा

एक्स्टर्नलला झिंक ऑक्साइडविषयी तुमच्याहून जास्त माहीत असेल, पण तुमच्या फिल्मविषयी नाही. नोंदवही आणि खऱ्या काचा सोबत न्या. हे प्रश्न जवळपास नक्की येतात: अमोनिया कशासाठी, टाउक आलेखात वर्गच का आणि वर्गमूळ का नाही, जाडीची अनिश्चितता किती आणि कुठून आली, बिघडलेल्या नमुन्यांचं काय केलंत. शेवटच्याचं उत्तर नोंदवहीचं पान उघडून द्या. थेट संक्रमण असलेल्या (इलेक्ट्रॉन संवेग न बदलता वर जातो अशा) पदार्थाला वर्ग घेतात आणि झिंक ऑक्साइड तसा आहे, हे कारणासकट सांगता आलं पाहिजे.

निकाल लागल्यावर काचा फेकू नका. लेबल लावलेल्या डबीत डेसिकेटरमध्ये ठेवा आणि कच्च्या फाइल्स विभागाच्या संगणकावर गाइडला दाखवून जतन करा. पुढची तुकडी त्याच काचांवर प्रकाशविद्युत वाहकता किंवा वायुसंवेदन मोजू शकते, आणि तेव्हा तिला तुमच्या नोंदवहीतला पीएच लागेल.